काठावर पाय द्यायचा नाही

पडणारा रुग्ण हट्टीच असतो, असं तुम्ही ठरवून टाकलंय. तसा कागदही तयार असतो : 'सूचना देऊनही ऐकलं नाही.' खाली सही केली की सगळे मोकळे.

मी खाटेशेजारची गजराची चटई बोलतेय. माझ्यावर पाऊल पडलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते आणि कुणीतरी धावत येतं. एवढंच माझं काम. अंगाने मी अरुंद. कुणी अडखळू नये म्हणून कारखान्यात मला दोन्ही बाजूंनी रुंद हिरवा काठ लावला. मला तो फार आवडायचा.

जपानमधल्या निइगाताच्या आमच्या रुग्णालयात हिसानोसान आल्या. वय ब्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. रोज सकाळी त्या खाटेचा कठडा धरून उठायच्या आणि मला ओलांडून थेट पलीकडे पाय टाकायच्या. दुखऱ्या पायाने एवढी लांब ढांग! मी मुकीच राहायचे. तिसऱ्या दिवशी त्या बेसिनपाशी कोसळल्या. हाड वाचलं, कपाळ फुटलं.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पुन्हा पडल्या तर चालणं संपलं. आजपासून कमरेला पट्टा बांधा."

बांधलेला माणूस पडत नाही, हे खरं. पण तो चालतही नाही. थोड्याच दिवसांत त्याच्या पायांच्या काटक्या होतात आणि आपण म्हणतो, वय झालं.

चिनात्सु ही नवी नर्स पट्टा घेऊन आली. तो बाजूला ठेवून माझ्याजवळ उकिडवी बसली.

"हिसानोसान, चटईवर पाय का देत नाही हो?"

"कुठे देऊ? दोन्हीकडे काठ, मधे पाऊल मावत नाही. काठावर पाय देऊ नये, आईने चापट्या मारून शिकवलंय. तुमच्या घरी जमिनीवर तातामीच्या, कापडी काठाच्या गवती चटया नाहीत वाटतं?"

"आमच्या फ्लॅटात लाकडी फरशी आहे."

"तरीच."

चिनात्सुने माझ्याच रंगाची टेप आणून दोन्ही काठ झाकून टाकले. शोभा गेली म्हणून मी अर्धा दिवस रुसले. दुसऱ्या सकाळी हिसानोसानचं पाऊल माझ्यावर पडलं, अगदी निर्धास्त. घंटा वाजली. दुसरं पाऊल पडायच्या आत चिनात्सु हजर.

"मी बोलावलं नव्हतं हो. उगाच तुम्हाला त्रास."

"आलेच आहे, तर हात धरते."

पट्टा घडी घालून परत गेला. हिसानोसान आता काठी घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारतात.

म्हणून सांगते, कुणाला बांधण्याआधी एकदा त्याच्या पायाशी उकिडवं बसा. विचारा. वेळ नाही म्हणू नका. कागद भरायला वेळ मिळतोच ना तुम्हाला?

परवा फरशी पुसणाऱ्या उराबेबाईंनी माझ्यावरची टेप पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. चार वर्षं मीही उडी मारूनच जातेय."