ऑक्सिजनचे मेहूण

"या विश्वात काहीही हरवत नाही," यादव मास्तर मॅट्रिकच्या वर्गाला म्हणाले. "वस्तू रूप बदलते, जागा बदलते, पण जेवढं आधी होतं, तेवढंच नंतर असतं." एवढे सांगून ते फळ्याकडे वळले, तर खडू सापडेना.

खडू त्यांच्याच कानावर होता. एरवी वर्ग खदखदून हसला असता. पण आज खुर्चीत तपासनीस साहेब बसले होते, शेजारी हेडमास्तर.

साहेब नाशिकच्या थंडीत मफलर कानावरून गुंडाळून आले होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. त्या मानेवर मास्तरांची नोकरी अवलंबून होती. ती वर्षानुवर्षे हंगामी होती; उन्हाळ्यात सुटायची आणि जूनमध्ये पुन्हा धरायची, जुन्या तापासारखी. साहेबांना पसंत पडले, तर आज कायम होणार होती. सकाळी हातावर दही घालताना बायकोने, चंद्रभागाबाईंनी, बजावले होते, "शिकवा तेवढं. जादा बोलू नका."

"हायड्रोजन काय, ऑक्सिजन काय, ही मेहूणं आहेत," मास्तर नेहमीच्या पद्धतीने सांगू लागले. "जेवायला जोडीनंच येणार. नुसत्या नवऱ्याला आवतण देता येत नाही. आता पाण्याला हायड्रोजन लागतात दोन, ऑक्सिजन एकच. म्हणजे ऑक्सिजनच्या मेहुणातला एक उरतो. त्याला उपाशी पाठवायचं का?"

"नाय मास्तर," चांदवडचा केरू म्हणाला.

"शाबास. मग करू दोन्ही बाजू सारख्या." आणि मास्तरांनी उत्साहाच्या भरात फळ्यावरच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी एक बारीकसा दोन काढला.

इकडे दोन, तिकडे दोन. साहेबांनी मान डोलवली आणि हेडमास्तरांना म्हणाले, "छान. कायम करून टाका यांना."

वर्ग इतका शांत होता, की मास्तरांनाच संशय आला. केरू छताकडे पाहत होता. काल त्याने हेच केले होते आणि तासभर बाकावर उभा राहिला होता. "आकडा पुढं लावायचा, पोटात घालायचा नाही," मास्तर ओरडले होते. "पोटात घातलास की पाण्याचं पाणी राहत नाही."

"मास्तर, फळा पुसू का?" मालेगावचा जमील घाईघाईने उठला.

मास्तरांनी त्याला हातानेच बसवले.

"साहेब, चुकलो," ते खड्या आवाजात म्हणाले. "हे पाणी नव्हे. हे कानाचं औषध झालं. कानात फेसाळतं ते."

हेडमास्तरांनी डोळे मिटले. मास्तरांनी तो आकडा पुसला. हायड्रोजनपुढे दोन मांडला, पाण्यापुढे दोन मांडला. मग धोतर सावरून ते पहिल्या बाकावर चढले.

"काल याच चुकीला केरूला उभं केलं होतं. दोन्ही बाजू सारख्या व्हायला पाहिजेत."

"उतरा मास्तर, पडशाल," केरू पुटपुटला.

मास्तर उतरले नाहीत. शेवटच्या बाकावर तासाला शेंगा खातात, हे त्यांना इतक्या वर्षांत वरून प्रथमच दिसले.

साहेब उठले. सावकाश बाकाजवळ आले आणि त्यांनी मफलर सरकवला. दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

"मास्तर, आठवडाभर कान ठणकताहेत," ते खालून म्हणाले. "आल्यापासून तुमचं काही ऐकू आलं नाही. आत्ता तेवढं कानाचं औषध म्हणालात, ते कळलं. थोडं बाटलीत घालून द्याल का?"