डॅरेनरावांचं धोंड्याचं जेवण

आमच्या आईला पंचांग कळतं, वेळ कळत नाही. अधिक महिना लागला आणि तिने जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, तेही नेमकं त्याच्या ट्रायलच्या दिवशी. मी म्हटलं, दुसरा दिवस बघ. तर म्हणे, पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला चाललोय, मग काय अधिक महिना थांबणार आहे?

माझा नवरा डॅरेन फुटबॉलमधला मिडफिल्डर. इंग्लंडच्या चौथ्या-पाचव्या डिव्हिजनच्या क्लबांत उभं तारुण्य पळण्यात घालवलं, मग इथे सिंगापूरला आला. वय चौतीस. त्याच्या क्लबने यंदा त्याला सोडलं. दुसऱ्या एका क्लबने त्याच दिवशी संध्याकाळी यिशुनच्या मैदानावर खेळून दाखव म्हटलं होतं. तिथे करार झाला नाही तर खेळ संपला, त्याचा इथला वर्क पास संपला, आणि बॉलशिवाय दुसरं काही न येणाऱ्या माणसाला घेऊन मी इथली बँकेतली नोकरी सोडून इंग्लंडला जायचं.

आणि आमच्या मातोश्री आपल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये चांदीचं ताट मांडून तयार! पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. डॅरेनराव, अजून एक. डॅरेनराव, हा माझ्यासाठी. मी डोळे वटारले, टेबलाखालून पाय मारला, शेवटी सरळ सांगितलं की त्याला पळायचंय, बास कर. जावयाला वाढताना हात आखडू नये, म्हणाली. बाबा मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेले. आणि हा शहाणा हसत हसत ताट पुढे करत होता! माझा नुसता जळफळाट झाला.

यिशुनच्या मैदानावर अर्ध्या तासात निकाल लागला. कालची पोरं त्याच्या बाजूने बॉल घेऊन सुसाट निघून जायची आणि हा कमरेवर हात ठेवून धापा टाकायचा. "पळ रे, पळ," मी एकटीच पुटपुटत होते. मग कोचने त्याला बाजूला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला, थँक यू म्हणाला.

डॅरेन माझ्याशेजारी येऊन बसला. मी फोन काढला. म्हटलं, आज आईला सोडत नाही, तुझ्या पोटावर पाय दिलाय तिने.

त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"जेवणाने नाही झालं हे," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच पाय संपलेत माझे. मला माहीत होतं. आईंनी एवढ्या मायेनं वाढलं, म्हटलं आज तरी पोटभर जेवू."

मला रडू आवरेना. आईची चूक असती, तर उपाशीपोटी एकदा खेळू द्या म्हणून मी त्या कोचच्या पाया पडले असते. आता कुणाच्या पाया पडू?