ऋण गुणिले ऋण

विलो बेंडच्या शाळेत लारिसा कोझाक रुजू झाली, त्या दिवशी मुख्याध्यापक डेल फ्रीझन यांनी तिच्या हातात तीन वस्तू दिल्या: वर्गाची किल्ली, बर्फात रुतलेली गाडी काढायचं फावडं आणि चारशे बारा पानांची एक फाईल. फाईलवर लिहिलं होतं, 'परिणामकारक गणित-अध्यापन'.

"किल्ली हरवू नकोस," ते म्हणाले. "फावडं गाडीतच असू दे. आणि फाईल टेबलावर अशी ठेव, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल."

"वाचायची नाही?"

"वाच की! पहिली वीस पानं बरी आहेत म्हणतात."

लारिसा तेवीस वर्षांची, रेजायना शहराच्या विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली. तिने चारशे बाराच्या चारशे बारा पानं वाचली. शिक्षक हा शिक्षक नसून 'शिकण्याच्या वाटेवरचा सोबती' असतो, हे तिला त्यातून कळलं. सोबत्याने उत्तर कधी सांगायचं नसतं. तासाच्या पहिल्या तीन मिनिटांत उद्दिष्ट फळ्यावर लिहायचं, मुलांना चौघाचौघांत बसवायचं आणि शेवटी प्रत्येकाकडून एक पिवळी चिठ्ठी भिंतीवर चिकटवून घ्यायची: आजचा धडा मनाला कसा वाटला? गणिताचं पहिलं उदाहरण एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर होतं.

ती अक्षरन् अक्षर पाळत गेली. नववीच्या वर्गात सव्वीस मुलं. नाताळापर्यंत भिंतीवर बोट ठेवायला जागा उरली नाही. ब्रॉडी नावाचा एक शेतावरचा मुलगा रोज एकच चिठ्ठी लावायचा: 'आज मला अपूर्णांकांबद्दल आशा वाटली.' धडा भूमितीचा असला तरी.

मग चाचणी झाली. उणे चार गुणिले उणे तीन किती? एकोणीस जणांनी लिहिलं उणे बारा. चौघांचं उत्तर बरोबर. दोघांनी उणे सात लिहिलं आणि एकाने बर्फाचा माणूस काढला, गळ्यात मफलरसकट.

लारिसा तो गठ्ठा घेऊन समोरच्या वर्गातल्या इर्मा थीसनबाईंकडे गेली. बाईंची एकतीस वर्षं त्याच खोलीत गेली होती. त्यांच्या वर्गात बाकं रांगेत असत आणि मुलं श्वाससुद्धा रांगेत घेत.

"अगं पोरी, त्यात काय अवघड?" थीसनबाई म्हणाल्या. "ऋण आणि ऋण, धन. पन्नास वेळा लिहून घे. नाही आलं तर शंभर वेळा."

"पण का, असं कुणी विचारलं तर?"

"शंभर वेळा लिहिल्यावर कुणाचा हात वर होतोय?"

जानेवारीच्या शेवटी पत्र आलं. शिक्षण-विभागाच्या गणित-मार्गदर्शक डॉ. ब्रेंडा-ली मकॉस्लंड पुढच्या आठवड्यात तिसऱ्या तासाला पाठ पाहायला येणार होत्या. लारिसाची नेमणूक एका वर्षापुरती. पुढचं सगळं या पाठावर.

"चारांपैकी तीन गुण मिळाले की गंगेत घोडं न्हालं," फ्रीझन म्हणाले. "हसतमुख राहा, चिठ्ठ्या विसरू नकोस. आणि कृपा करून गणितात फार खोल शिरू नकोस. वेळ जातो."

पाठाच्या दिवशी सकाळी पारा उणे एकतीसवर होता. अर्धा वर्ग कोट घालूनच बसला होता. मकॉस्लंडबाई मागच्या भिंतीशी बसल्या, मांडीवर टॅब्लेट. फळ्यावर उद्दिष्ट झळकत होतं: 'मी ऋण संख्यांशी मैत्री करू शकतो.' चौघाचौघांपुढे ऋण-धन दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या चकत्या मांडल्या होत्या. दहा मिनिटं सगळं फाईलबरहुकूम चाललं.

तेवढ्यात मार्ली बोलली. मार्ली म्हणजे डोक्यावरची टोपी नाकापर्यंत ओढून बसणारी मुलगी. सप्टेंबरपासून 'हजर' याखेरीज तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मिस, ऋण गुणिले ऋण धन का होतं?"

असा प्रश्न आला, तर स्मित करून तो उलट विचारावा, असं फाईलीत होतं. लारिसाने स्मित केलं. "छान प्रश्न! तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. वाटलं असतं तर विचारलं असतं कशाला? तुम्हाला माहितीये का?"

विद्यापीठात कंसांची एक सिद्धता तिने पाठ करून पानभर उतरवली होती. गुणही पैकीच्या पैकी पडले होते. आता त्या सिद्धतेतलं एक वाक्य मार्लीला सांगण्याजोगं सापडेना. 'नियमच आहे' हे शब्द जिभेवर आले. ते तिने गिळले.

"नाही," ती म्हणाली. "तुला पटेल असं सांगण्याइतकं नाही माहीत."

मागे मकॉस्लंडबाईंचं बोट हवेतच थांबलं. या उत्तरासाठी टॅब्लेटमध्ये चौकट नव्हती.

"मिसलाच येत नाही!" कुणीतरी आनंदाने ओरडलं.

"नाही येत. मग शोधू या. त्या चकत्या सारा बाजूला."

शेल्बी उठली. "सोपंय. शत्रूचा शत्रू आपला मित्र."

"माझ्या भावाचा शत्रू टायलर," ब्रॉडी म्हणाला, "पण तो मलाही बडवतो."

"आणि ते गणित नाही, म्हण आहे," मार्ली म्हणाली.

एकाने मागे वळून पाहिलं. "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात ना? तुम्हीच सांगा."

"मी फक्त निरीक्षणासाठी आले आहे," मकॉस्लंडबाई म्हणाल्या.

"माहीत नसेल तर तसं सांगा ना. मिसनी सांगितलं की."

बाईंनी घाईघाईने काहीतरी टिपून घेतलं. लारिसाला आता मागे फिरणं नव्हतं. खिडकीला आतून बर्फ धरला होता. त्याच्याकडे बघता बघता ती म्हणाली, "समजा, आत्ता बाहेर शून्य अंश आहे."

"शून्य? एप्रिल लागला की काय?" ब्रॉडी म्हणाला.

"समजा म्हटलं ना! आणि तासाला तीन अंश पारा उतरतोय. दोन तासांनी किती?"

"उणे सहा," चारपाच जण म्हणाले. तिने फळ्यावर लिहिलं: उणे तीन गुणिले दोन, उणे सहा.

"आणि दोन तासांपूर्वी किती होता?"

ब्रॉडीने बोटांवर मोजलं. "तेव्हा जास्त असणार. सहा. अधिक सहा."

"मग 'दोन तासांपूर्वी' हे आकड्यात कसं लिहायचं?"

लारिसाने उत्तर सांगितलं नाही. फाईलमुळे नव्हे, पुढचं वाक्य तिचं तिलाच नुकतं सुचलं होतं आणि ते खरं आहे का, हे ती मनात तपासत होती. मग मार्लीने टोपी मागे सारली, फळ्यापाशी आली आणि लिहिलं: उणे तीन गुणिले उणे दोन, सहा. क्षणभर बघत राहिली.

"म्हणजे कुणी ठरवलेलं नाही," ती म्हणाली. "ते तसंच आहे."

घंटा झाली. पिवळी चिठ्ठी एकानेही लावली नाही.

अहवाल चार पानांचा आला. पाठ उद्दिष्टापासून भरकटला. शिक्षिकेने अज्ञान उघड केले. भावना-चिठ्ठ्या: शून्य. हवामानाचा अनावश्यक उल्लेख. गुण: दीड.

त्याच दुपारी थीसनबाई वर्गात डोकावल्या, दार लावून घेतलं आणि पुढच्या बाकावर बसल्या. "ते दोन तासांपूर्वीचं काय आहे म्हणे? मला सांग बघू." लारिसाने सांगितलं. बाईंनी दोनदा ऐकलं, "हं" म्हणाल्या आणि कॉफी प्यायला निघून गेल्या.

पुढच्या चाचणीत सतरा जणांचं उत्तर बरोबर आलं. ब्रॉडीने 'बारा अंश' लिहिलं होतं. लारिसाने गुण दिले. वसंतात विभागाने सगळ्या शाळांना नवा उपक्रम पाठवला, 'तापमानातून ऋण संख्या', रंगीत कार्डांसह. खाली मकॉस्लंडबाईंचं नाव होतं. तो कसा घ्यायचा, हे शिकायला लारिसाने ऑगस्टमध्ये दोन दिवस हजर राहावं, असंही त्यात लिहिलं होतं.

मे महिन्यात फ्रीझननी तिला बोलावलं. "दीड गुण! मागच्या वर्षीच्या मास्तराला तीन होते, आणि तो पाठ चालू असताना पेंगत होता. तुला ठेवणं कठीण आहे, कोझाक."

"मग?"

"मग काय, जागेची जाहिरात दिली. महिनाभर वाट पाहिली." त्यांनी कागद पुढे सरकवला. "विलो बेंडला कोण येतंय? अर्जच नाही एकही. सही कर."

तिने सही केली. चौथ्या तासाला समीकरणं होती, आणि सव्वीसातल्या नऊ जणांना ऋण संख्या अजून येतच नव्हत्या.