फाउस्तोच्या दारातलं गाणं

"राहू द्या डॉन फाउस्तो, मी घेते ना," असं म्हणत नेरेइदानं गितारोन त्याच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं आणि चर्चच्या मागच्या दारानं ती व्हॅनकडे चालू लागली.

आदरानं 'डॉन' म्हणाली खरी, पण फाउस्तो बघतच राहिला. गितारोन म्हणजे काही खिशात मावणारं वाद्य नव्हे, ढेरपोट्या माणसासारखं धूड आहे ते. पण लग्नाच्या आधीपासून ते त्यानं एकट्यानं वाहिलं होतं. दुसऱ्याच्या हाती कधी दिलं नाही. गितारोन उसनं देणं आणि बायकोला दुसऱ्याबरोबर नाचायला पाठवणं सारखंच, असं तो थट्टेनं म्हणायचा. आणि ही नेरेइदा कालपरवा आलेली, आठवडाभर लाँड्रीत इस्त्री करणारी, शनिवारी मागच्या ओळीत उभी राहून छोटी गितार वाजवणारी. तिला आज अचानक त्याची एवढी काळजी कुठून आली?

तो स्वयंपाकघरात शिरला तर तिथली कुजबुज पटकन थांबली. बायका खोक्यांत भात, घेवडा आणि मक्याच्या पानात गुंडाळलेले तमाले भरत होत्या. सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. हिस्पॅनिक वारशाचा महिना चालू होता. सॅन अँटोनिओत मोठमोठी व्यासपीठं सजली होती, भाषणं झडत होती. रेमेदिओसच्या मारियाचीला, म्हणजे तिच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ताफ्याला, मात्र व्यासपीठाचं वावडं. ही मंडळी भरजरी कपडे चढवून म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या, अंथरूण धरलेल्यांच्या दारी जायची. एक खोकं द्यायचं, एक गाणं म्हणायचं आणि पुढच्या घरी निघायचं. वारसा म्हणजे काय तो एवढाच, बाकी सगळा फुगा, असं रेमेदिओस फटकळपणे सांगायची.

फाउस्तोनं ट्रम्पेटवाल्या तिबुर्सिओला बाजूला घेतलं. तिबुर्सिओच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी फाउस्तोनं हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे. सख्ख्या भावापेक्षा जवळचे, तरी एकमेकांना अहो-जाहो करणारे. आपल्या माघारी कुणी गेलंबिलं का, असं त्यानं विचारलं. तिबुर्सिओ म्हणाला, नाही हो. आणि ट्रम्पेटचं तोंड नुसतं पुसत बसला.

मग ही कुजबुज आपल्याबद्दलच असणार, हे फाउस्तोनं ताडलं. कारण त्याला स्वतःला ठाऊक होतं की गेल्या हिवाळ्यापासून उजव्या हाताची बोटं आखडली आहेत. गितारोनच्या दोन-दोन तारा एकदम ओढाव्या लागतात, आणि हल्ली त्यातली एक निसटायची. मग तिबुर्सिओ ट्रम्पेट जरा जोरात फुंकायचा आणि वेळ निभावून जायची. कुणाच्या लक्षात आलं नसेल अशी फाउस्तोनं स्वतःची समजूत घातली होती. दुसरं करणार काय? शाळेच्या बसगाड्या धुण्याचं काम सुटलं. बायको अम्पारो देवाघरी गेली. मुलगी लांब, तिचा संसार तिला. गितारोन गेलं की शनिवार गेला, आणि शनिवार गेला तर आठवड्यात उरतं काय? कपाळ!

पहिल्याच दारी घात झाला. चाकाच्या खुर्चीतल्या ओफेलियाबाई टाळ्यांनी ठेका देत होत्या आणि नेमक्या भरातल्या जागी त्याची तार सुटली. गाणं क्षणभर लंगडलं. त्यानं चोरून सगळ्यांकडे पाहिलं. जो तो आपापल्या वाद्यात डोकं घालून होता. चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. हे गप्प बसणं त्याला सोसवेना.

पुढच्या घरी रेमेदिओसनं त्याला नुसतं गायला सांगितलं. नेरेइदानं त्याचं गितारोन गळ्यात अडकवलं आणि वाजवलं. बरं, वाईट वाजवलं असं म्हणायचीही सोय नाही. थेट त्याच्याच ढंगानं वाजवलं. ही शिकली कधी? शिकवलं कुणी? मग त्याला उमगलं की ही पोरगी इतके शनिवार मागे उभी राहून त्याच्या बोटांवर डोळा ठेवून होती. रागवावं तर वाजवतेय झकास, आणि शाबासकी द्यावी तर वाद्य आपलं. त्याच्या डोक्यात नुसता गोंधळ माजला, गाण्याचे शब्दही मागेपुढे व्हायला लागले.

दिवस मावळता मावळता खोकी संपली. एकच उरलं होतं, आणि व्हॅन फाउस्तोच्या गल्लीत वळली. हं, म्हणजे आपल्याला घरी सोडून ही मंडळी पुढे जाणार तर. त्यानं मनातल्या मनात चडफडत दार उघडलं. पण त्याच्या मागोमाग सगळेच उतरले आणि वाद्यं सावरून त्याच्याच दारासमोर ओळीनं उभे राहिले. सवयीनं फाउस्तोही तिबुर्सिओच्या शेजारी आपल्या जागी जाऊन उभा राहिला. समोर त्याच्याच घराचं बंद दार.

"तुम्ही इथे नाही, डॉन फाउस्तो," रेमेदिओस म्हणाली. "आत जा."

"आत कशाला?"

"ज्याच्यासाठी गातो, तो आत असतो."

"मी आजारी आहे का? उपाशी आहे?"

रेमेदिओससारखी तोंडाळ बाई, पण तीही हातातल्या खोक्याचं झाकण चाचपत राहिली. शेवटी तिबुर्सिओ पुढे झाला.

"कोम्पाद्रे, तोंडावर सांगायची कुणाची छातीच होईना. म्हटलं, गाऊन सांगू."

"काय सांगणार गाऊन?"

तिबुर्सिओनं ट्रम्पेटनंच दाराकडे खूण केली. हा मान होता की निरोप, फाउस्तोला काही केल्या कळेना. कदाचित त्यांनाही कळलं नसावं. गाण्यात सगळं येतं अशा भरवशावर ही मंडळी जन्मभर जगली होती, तीच त्यांची चूक झाली. तो मुकाट्यानं आत गेला आणि दार लावून घेतलं.

घरात अंधार होता. बाहेर गाणं सुरू झालं. ज्याच्यासाठी गायचं त्यानं खिडकीत दिवा लावायचा, म्हणजे गाणं पोचलं. दिवा लागेपर्यंत गाणाऱ्यांनी हलायचं नाही, ही पूर्वापार रीत. फाउस्तोचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. दिवा लावला म्हणजे आपण कबूल झालो. नाही लावला तर अजून काही संपलेलं नाही.

गाणं संपलं. खिडकी काळोखीच. मग त्यांनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. सगळी हयात तो दाराबाहेर, तिबुर्सिओच्या ट्रम्पेटपाशी उभा होता. आतल्या माणसाला हे कसं ऐकू येतं, ते त्याला आज पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं लोक दारात उभे राहून रडायचे. त्याला वाटायचं, बिचारे परिस्थितीनं गांजलेले आहेत. आता त्याचेच डोळे वाहायला लागले आणि ते कशासाठी, हे त्याला धड सांगता आलं नसतं. अम्पारोच्या खिडकीखाली त्यानं हेच गाणं म्हटलं होतं.

तिसऱ्यांदा तिबुर्सिओचा दम तुटायला लागला. दम्याचा माणूस तो. आणि वळणावर नेरेइदानं खालचा सूर घाईनं ओढला.

"थांब जरा," फाउस्तो अंधारात पुटपुटला. "श्वास घे. हां, आता ओढ."

पुढच्या कडव्यात तिनं बरोबर तिथेच ओढला. फाउस्तोनं दिवा लावला.

दार उघडून तो हॅट न घालता बोडक्यानंच बाहेर आला. रेमेदिओसनं शेवटचं खोकं पुढे केलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, तेव्हा बोटं ठणकली. कॉफी ठेवतो, आत या, असं तो म्हणाला. मंडळी एकेक करून आत शिरायला लागली. नेरेइदा शेवटी राहिली, गितारोन छातीशी धरून, खाली बघत. ते त्याच्याकडे द्यावं की स्वतःजवळ ठेवावं, हे तिलाही कळत नव्हतं. ती तशीच पुढे आली आणि गितारोन चौकटीला अडलं.

फाउस्तोचे दोन्ही हात खोक्यात अडकले होते. तो बाजूला सरकला.

"आडवं करून आण," तो म्हणाला. "या दारातून ते सरळ येत नाही."