वर्षाच्या आत घेतलेला गेम

संयोगितानं पाच महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं, आणि मागितलं ते काय, तर मोबाइलमधला गेम.

चंद्राबाई तेव्हा नुकतीच धार काढून गोठ्यातून बाहेर येत होती. हातात दुधाची किटली, पदर कमरेला खोचलेला. सून चौकटीला टेकून उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"आत्या, एक इच्यारायचं हुतं."

"इच्यार की. का भटाला बोलवून मुहूर्त काढू?"

"एक गेम हाय. तीन मजलं फुकट हायत. फुडचं खेळायचं तर इकत घ्यावा लागतोय. घेऊ का?"

चंद्राबाईनं किटली खाली ठेवली. दुसरी कुणी असती तर तिनं जिभेनंच सोलून काढली असती. पण लेक जयराज गेल्यापासून या पोरीनं पानात मीठसुद्धा मागून घेतलं नव्हतं. वाढलं तर खायची, नाही वाढलं तर भिंतीकडं बघत बसायची. तिचा भाऊ वडूजहून दोनदा न्यायला आला. ती येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही. तो बिचारा चहा पिऊन माघारी गेला.

जयराजचं झालं ते असं. शिरवळच्या कंपनीतनं पाळी करून आला, अंघोळ केली, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. छत्तिशीचा गडी. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाशी भांडण नाही. काय चुकलं ते कुणालाच सांगता आलं नाही.

चंद्राबाई तेव्हापासून रडू यायची वाट बघत होती. ते आलं नव्हतं. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात बधिर होतो आणि आपलाच हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं तिला आतून सगळं झालं होतं. जीभ तेवढी जुन्या सवयीनं चालत होती. रहिमतपुरात लोक म्हणायचे, बाई दगडाची आहे. म्हणेनात का. तिला तेही लागत नव्हतं.

पैशाची अडचण नव्हती. बाईमाणसाच्या एका दिवसाच्या भांगलणीच्या मजुरीएवढा तो गेम. अडचण वेगळी होती. दुखवट्याचं वर्ष चालू होतं, आणि वर्ष सरेपर्यंत घरात नवी वस्तू आणायची नाही हे चंद्राबाईनंच भावकीला ठणकावून सांगितलं होतं. दिवाळीत कढई चढली नाही. केरसुणीचा बुडखा राहिला तरी नवी आणली नाही, त्याच बुडख्यानं अंगण झाडलं जात होतं. आणि हे सगळं ज्या रंगूबाईच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, ती तिची धाकटी चुलत जाऊ. रंगूबाईचा सासरा गेला त्या वर्षी तिनं मिक्सर घेतला होता, तेव्हा चंद्राबाईनं चार बायकांत तिला असं धुतलं होतं की रंगूबाई आठवडाभर पाण्याला बाहेर आली नव्हती. आता चंद्राबाईच्याच घरात वर्षाच्या आत नवी वस्तू येणार, आणि तीही काय, गेम!

"घेऊ नको" म्हणणं सोपं होतं. ती पोर "बरं" म्हणाली असती आणि पुन्हा भिंतीकडं वळली असती. मग मात्र तिनं परत काही मागितलं नसतं. हे चंद्राबाईला पक्कं ठाऊक होतं.

"बघितल्याबिगर मी काय घेत न्हाई," ती म्हणाली. "म्हशीच्या तीन धारा बघते, मग बोलते. ह्याच्याबी बघू."

म्हैस घेण्यात चंद्राबाईचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. विकणारे वस्ताद असतात. आदली धारच काढत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक आलं की कास टम्म भरलेली दिसते. म्हणून ती विकणाऱ्याच्या दारात मुक्काम ठोकायची. संध्याकाळ, सकाळ आणि परत संध्याकाळ, तीन धारा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. नवरा नाथाजी होता तोवर लाजून लांब जाऊन बसायचा. तो गेल्यावर ती एकटीच जाऊ लागली. गोठ्यातली एकही म्हैस फसून घेतलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी दोघी कट्ट्यावर बसल्या. संयोगितानं मोबाइल आडवा धरला. एक तलवारवाली बाई दगडी पायऱ्या उतरून भुयारात शिरली. आत नुसता गोंधळ. हाडाचे सापळे, भालेवाले, जमिनीतून वर येणारे खिळे.

"ही कोण?"

"ही आपुन."

"आनि हे?"

"हे मारणारं. ह्यातल्या खोल्या दर टायमाला बदलत्यात, आत्या. कालची वाट आज नसती. आनि मेलं की परत पयल्या दारात. मिळवल्यालं समदं जातंय."

"समदं?"

"समदं."

संयोगिताची बोटं भराभर चालत होती. चंद्राबाईनं तिच्या बोटांकडंच बघितलं. पाच महिने ही बोटं मांडीवर नुसती पडलेली होती. तलवारवाली तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली, तिथं एका राक्षसाला लोळवलं आणि पुढं दाराला कुलूप आलं. पैसे द्या म्हणून पाटी.

"पयली धार कुनाचीबी भरभरून येते," चंद्राबाई म्हणाली. "एकदा पैसं दिलं की परत मागतोय का?"

"न्हाई. एकदाच."

"मधी मधी साबणाची न् सोन्याची जाहिरात?"

"न्हाई."

"रेंज गेली तर?"

"तरीबी चालतोय."

"खोड काय हाय? खोड नसल्यालं जनावर जगात न्हाई."

"अवघड हाय लय," संयोगिता म्हणाली. "निम्मी लोकं सोडून देत्यात म्हनं."

दुसरी धार सकाळी, दूध डेरीला घालून आल्यावर. त्या दिवशी काही जमेना. पहिल्याच मजल्यावर भाला बसला आणि तलवारवाली आडवी.

"मेली की!"

"व्हय. लौकर उडी मारली मी. भाला माघारी गेल्यावर मारायची हुती."

"म्हंजी चूक तुजी."

"माजीच."

भाजीत मीठ जास्त पडलं म्हणावं तशी ती म्हणाली. पुन्हा उतरली, पुन्हा मेली. या वेळी तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"ही माजी न्हाई. बटनावर अंगठा असतोय ना, त्याच्याखालनं आला भालेवाला. दिसलाच न्हाई. मोटा मोबाइल असता तर दिसला असता. तेवढी खोट हाय ह्यात."

"लाथ मारतीया म्हन की," चंद्राबाईनं नोंद घेतली. "रोज?"

"रोज न्हाई. कवातरी."

एवढ्यात रंगूबाई आली. हातात वाटी होती, विरजण मागायला. विरजण हे निमित्त. तिचे डोळे आधी मोबाइलवर गेले.

"अगंबया! काय चाललंय सासवासुनांचं? शिनेमा?"

"गेम हाय," संयोगिता म्हणाली. "घ्यायचा का न्हाई ते बघत्यात आत्या."

रंगूबाईनं वाटी कट्ट्यावर ठेवली. आता तिला घाई नव्हती.

"घ्यायचा? म्हंजी नवा? आक्का, आवं तुमच्यात तर वरीस सरल्याबिगर केरसुणीबी येत न्हाई म्हनं. का मोबाइलातलं चालतंय? तसं आसंल तर आमालाबी सांगा की, आमी अडाणी मानसं."

चंद्राबाईला उत्तर सुचायला कधी वेळ लागला नव्हता. आता मात्र टोमणा येऊन अंगावर पडला आणि तिथंच पडून राहिला, उचलायचीही इच्छा होईना. ती उठली, आत गेली, विरजणाची वाटी भरून आणली आणि रंगूबाईच्या हातात दिली.

"सांडशील. नीट जा," एवढंच म्हणाली.

रंगूबाई जरा घाबरलीच. शिव्या खायची तयारी करून आलेली बाई, तिला या शांतपणाचं काय करावं ते कळेना. ती मागं वळून वळून बघत गेली.

संयोगितानं मोबाइल पालथा ठेवला. "ऱ्हाऊ द्या, आत्या. नगं घ्यायला."

"तिसरी धार व्हायची हाय अजून," चंद्राबाई म्हणाली. "मदीच सौदा मोडला म्हंजी जनावराचा अपमान असतोय."

संध्याकाळी म्हशींचं उरकून तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि हात पुढं केला.

"आन हिकडं. मी बघते."

संयोगितानं तिची बोटं नीट बसवून दिली. हे चालायचं, हे मारायचं, ही उडी. चंद्राबाईचा अंगठा धारेनं राकट झालेला. त्याला काच पहिल्यांदा दादच देईना. तलवारवाली भिंतीला जाऊन धडकली, तिथंच पाय मारत राहिली.

"भितीतनं जायाचं व्हय, आत्या? दार हिकडं हाय."

"गप. मला दिसतंय."

दार सापडलं. खोलीत शिरली. समोरून एक सापळा हळूहळू चालत आला. घाई नव्हती त्याला. चंद्राबाई बघत होती. तो आला, जवळ आला, हात वर केला आणि तलवारवाली पडली.

"आँ? ह्यात माजी काय चूक?"

"तुमी हुब्याच ऱ्हायल्या."

"मंग? त्यो कोन, कशाला आलाय, बघाय नगं?"

"बघत हुब्या ऱ्हायल्या तुमी. हलल्याच न्हाई."

मोबाइलवर तलवारवाली पुन्हा पहिल्या दारात येऊन उभी होती, पायऱ्यांकडं तोंड करून. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

थोड्या वेळानं चंद्राबाईनं विचारलं, "रोज इतक्यांदा मरतीस. कटाळा न्हाई येत?"

"येतोय की." संयोगिता अंगणाकडं बघत होती. "पर हितं कशानं मेलं त्ये कळतंय."

जयराजचं नाव कुणी काढलं नाही. गोठ्यात म्हशीनं दावं ओढलं, दावणीची कडी वाजली. चंद्राबाईला वाटलं, आता तरी रडू येईल. तिनं वाट बघितली. नाही आलं.

"घे," ती म्हणाली.

"आत्या, वरीस..."

"वरीस माजं हाय. नेम मी घातलाय, मी बघते. घे म्हनलं न्हवं?"

आणि ती तशीच उठून, चप्पलही न घालता, रंगूबाईच्या दारात गेली. रंगूबाई तांदूळ निवडत होती. जावेला दारात बघून तिनं सूप बाजूला सारलं.

"रंगे, आमच्या घरात नवी वस्तू आली. वरसाच्या आत. मी आनली."

"गेम?"

"गेम. काय बोलायचं हाय ते मला बोल, हितंच बोल. इरजणाची वाटी घिऊन पोरीफुडं यायचं न्हाई."

"मी कशाला येतीया?" रंगूबाई म्हणाली. पण मग तिलाही राहवेना. "पर आक्का, गेम कशाला वं?"

"खेळाय. दुभती म्हस काय पूजेला बांधत्यात व्हय?"

"मिक्सरबी मी वाटायलाच आनला हुता."

चंद्राबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. पायाला खाली फरशी गार लागत होती. तेवढं मात्र लागत होतं.

"व्हय," ती म्हणाली आणि परत फिरली.

बायका बोलल्याच. पाण्याला, डेरीत, पिठाच्या गिरणीत. चंद्राबाईची सून मोबाइलवर तलवारी खेळते आणि सासू शेजारी बसून बघते. काहींनी चंद्राबाईच्या तोंडावर विषय काढून बघितला. तिनं "व्हय, अवघड हाय, तुला जमायचा न्हाई" असं म्हणून तो तिथंच संपवला.

घरात म्हणावा असा फरक काही पडला नाही. संयोगिता जेवताना गप्पच होती. भाजी पुढं सरकवावी लागत होती. चौथा मजला पहिल्या तिन्हींपेक्षा वाईट निघाला, रोज उतरायची आणि रोज मरायची. चंद्राबाईला एकदा वाटलं, फसले. तीन धारा बघूनही फसले.

मग एक दिवस ती गोठ्यात शेण भरत असताना घराच्या पुढच्या सोप्यातून आवाज आला.

"मुडद्या! हात झडला तुजा!"

चंद्राबाईच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. या घरात जयराज गेल्यापासून आवाज चढला नव्हता. तिचा स्वतःचासुद्धा नाही. तिचे टोमणे सगळे खालच्या आवाजातले. ती शेणाच्या हातानं सोप्यात आली. मोबाइल घोंगडीवर जाऊन पडला होता. संयोगिताचा चेहरा लाल झाला होता आणि ती धापा टाकत होती, खरोखरच कुणाशी मारामारी करून आल्यासारखी. सासूला बघून तिनं पदर सावरला.

चंद्राबाईला बरं वाटलं असं नाही. वाईटही वाटलं नाही. काय वाटलं ते तिला शोधूनही सापडलं नसतं.

"कुनी मारलं?" तिनं विचारलं.

"ढालवाला हाय एक. समोरनं त्याला काय लागतच न्हाई."

"मंग मागनं जा."

"गेले की! मागं गेलं की वळतोय त्यो मुडदा."

चंद्राबाईनं शेणाचे हात अंगापासून लांब धरले आणि तिच्या शेजारी खाली बसली.

"उचल त्यो मोबाइल," ती म्हणाली. "कुठल्या पायावर वळतोय त्ये बघू."