सिस्टरांचे अकरा डबे

"आई, तू डबे का हुंगतेस?"

मुलाने विचारले तेव्हा सिस्टरांच्या हातात तिसरा डबा होता. पहिले दोन उघडून, नाकाशी नेऊन त्यांनी परत ठेवले होते. चहाचे पाणी उकळत होते आणि साखर सापडत नव्हती.

"मुंग्या लागल्यात का बघते," त्या म्हणाल्या.

"नाकाने?"

दाराशी खांद्यावरची पिशवी उतरवताना घरपोचने फळीकडे एकदाच पाहिले आणि काय झाले ते त्याला कळले. डबे उंचीप्रमाणे लावलेले होते. मोठा डावीकडे, मग उतरत उतरत सर्वांत लहान उजवीकडे. दिसायला छान दिसत होते. मुलगा सकाळीच गाडीने आला होता आणि नुसते बसवत नाही म्हणून त्याने आईची फळी आवरली होती.

घरपोच हे काही त्याचे नाव नव्हते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पाटीवर तो शब्द होता आणि एकतीस वर्षे तो शब्द खांद्यावरून जिन्याने वर नेणारा हा माणूस. त्यामुळे मालक, गिऱ्हाइके आणि थट्टेत त्याची बायकोसुद्धा त्याला तशीच हाक मारी. सोमवारपासून पाटीवरून तो शब्द जाणार होता. लोक फोनवर मागवत, कुणीतरी खोके दाराबाहेर ठेवून फोटो काढून निघून जाई. मालकांचाही इलाज नव्हता. सिस्टरांकडची ही शेवटची फेरी होती.

एके काळी या जिन्यात सकाळी आठला गर्दी असे. दूधवाला, पाववाला, अंडीवाला, रॉकेलवाला, गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून आणणारा. त्यांचा आपसात एक कायदा होता. ओझे घेऊन चढणाऱ्याला भिंतीची बाजू, रिकाम्या हाताने उतरणाऱ्याला कठड्याची. तो कुणी कुणाला शिकवला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

सिस्टर तेव्हा दवाखान्यात दिवसपाळी करत. किल्ली शेजारी असे. घरपोच दार उघडून आत येई, सामान स्वतः डब्यांत भरी. आधी जुने तांदूळ ताटात काढायचे, नवे तळाला ओतायचे, जुने वर. मालकांनी हे सांगितलेले नव्हते. पण डब्याच्या तळाशी महिनोन्‌महिने तेच दाणे राहणे त्याला पटत नसे. एकदा त्याच्या खांद्याला गळू झाले, तर सिस्टरांनी ते साफ करून कापसाची गादी शिवून दिली आणि वर दम दिला, "दर मजल्याला खांदा बदलायचा. दोन दिलेत ते कशाला?" तो खांदा पुन्हा कधी दुखला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दिलेल्या यादीत दोन ओळी एकमेकींवर लिहिलेल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तीन. घरपोच यादी हातात धरून उभा राहिला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, भाऊ. मधलं जातं, कडेचं उरतं. यावर उपाय नाही. मुलाला कळलं तर तो मला उचलून नेईल. तुम्ही बोलायचं नाही."

तो बोलला नाही. त्याने फक्त अकरा डब्यांच्या जागा ठरवल्या. रोजचे लागणारे मधे, खायचे नाही ते खालच्या फळीवर, हाताला कळावे म्हणून झाकणाला रबर लावून. तेव्हापासून एकही डबा बोटभर हलला नव्हता.

आज अकराच्या अकरा हलले होते.

सिस्टरांचा हात चमच्यासाठी गेला आणि पेल्यावर आपटला. मुलगा घरपोचजवळ आला. "काका, तुम्ही दर आठवड्याला येता. खरं सांगा. आईला दिसतं ना?"

हो म्हणणे सोपे होते. पण ते हो आजच्या दिवसापुरते पुरले असते. सोमवारनंतर फळी कोण लावणार होते?

"मला विचारू नका," घरपोच म्हणाला. "त्या इथेच उभ्या आहेत."

सिस्टरांनी गॅस बारीक केला. "नाही दिसत. दोन वर्षं झाली. तुझ्याकडे बघितलं की मला तुझे कान तेवढे दिसतात."

"आणि तू एकटी राहतेस? आई, बॅग भर. आजच चल."

"माझं घर आहे रे हे. आधी चहा घे, मग भांड. भाऊ, फळी लावा."

घरपोचने डबे लावले. मुलगा बघत राहिला. आईचा हात साखरेवर गेला, मग चहावर, पुन्हा साखरेवर, कुठेही न अडखळता. कपाच्या काठावर बोट ठेवून, आवाज ऐकत तिने तीन कप भरले. बशीत थेंब सांडला नाही.

"फोनवर मागवलं तरी येतंच की सामान," तो म्हणाला. आवाजात मघाची धार नव्हती.

"दारापर्यंत येतं. तिथून या फळीपर्यंत?"

मुलाने घोट घेतला. "काका, हे तुम्ही कधीपासून भरताय?"

"एकतीस वर्षं. असं जागा ठरवून ठेवतोय दोन वर्षं."

मुलाने फळीकडे पाहिले. "शाळेतून आल्यावर बिस्किटांचा डबा कधी रिकामा नसायचा. मला वाटायचं, आई भरते."

"आणि मला वाटायचं, पोरगं खातच नाही," सिस्टर म्हणाल्या.

घरपोच हसला. "रोज चार कमी व्हायची. मी आठवड्याला यादीबाहेरचा एक पुडा टाकायचो. मालकांना माहीत होतं."

मुलाने कप खाली ठेवला. "एकाआड एक शनिवारी मी येईन. सामान मीच भरीन. मला दाखवा कसं ते." आणि खिशातून फोन काढून तो फळीचा फोटो घेऊ लागला.

"फोटो नको," घरपोच म्हणाला. "फोटो बघून लावाल, तर दिसायला बरोबर लागेल. डोळे मिटा."

"काय?"

"मिटा ना. आता मीठ काढा."

डोळे मिटून मुलाने हात पुढे केला. बोटे एका झाकणावर टेकली, थांबली, शेजारच्या पत्र्यावर नख वाजले. घरपोचचा हात सवयीने उचलला गेला. तो त्याने मागे घेऊन पाठीशी धरला.

सिस्टर कप हातात धरून ऐकत होत्या.

"अजून एक डबा उजवीकडे," त्या म्हणाल्या.