काळ्या कापडाखालचा टीव्ही

“आलं, आलं! चित्र आलं!” असा एकच गलका झाला आणि जिन्यात ताटकळलेली माणसं शिंप्याच्या घरात घुसायला लागली. मागच्यांना काही दिसत नव्हतं, तरी तेही टाळ्या पिटत होते. पुढच्यांनी तोंडात बोटं घातली होती. कित्येक दिवस मुका झालेला शिंप्याचा टीव्ही खणखणीत आवाजात बातम्या सांगत होता आणि त्याच्या शेजारी घाम पुसत लहरीबाबा उभे होते. हातात घडी केलेलं काळं कापड, टीव्हीच्या पाठीवर चिकटवलेली तांब्याची चकती.

“चकती हाक मारते, लहरी धावत येतात,” बाबा सांगत होते. “पण लहरी उतरताना कुणी पडद्याकडे बघायचं नाही. बघणाऱ्याचे डोळे जातात. म्हणून हे कापड. माझं काय, मला सवय आहे!”

जुन्या फोटोवाल्यासारखं डोकं कापडात खुपसून, रिमोटसकट आत शिरून हा मनुष्य पाच-सात मिनिटं काय करतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. विचारणार कोण? डोळे सगळ्यांनाच हवे होते.

गर्दीतून वाट काढत बाई वरच्या मजल्यावर आईकडे गेल्या. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. परीक्षांच्या रगाड्यात त्यांना बरेच दिवस आईकडे फिरकायला जमलं नव्हतं. आईने दार उघडलं आणि वळताना तिचा खांदा चौकटीवर आपटला.

“लागलं का गं?”

“छे, हल्ली ही चौकटच मधे येते.”

आईला काचबिंदू होता. समोरचं नीट दिसायचं, कडेचं हळूहळू पुसत चाललं होतं. रोजच्या थेंबांनी ते थोपवून धरलं होतं. बाईंनी फडताळ उघडलं. गेल्या खेपेला त्यांनीच आणलेली थेंबांची बाटली तिथे होती, सीलसुद्धा न फोडलेली.

“आई, हे काय? थेंब घालत नाहीस?”

“आता गरज नाही त्याची. बाबांनी चकती दिली आहे. रात्री उशाखाली ठेवते.”

“कुणी सांगितलं तुला हे?”

“सांगायला कशाला हवं? डोळ्यांनी पाहिलं मी. टीव्ही मेला होता गं आपला! बाबांनी त्याला दृष्टी दिली. निर्जीव डब्याला दिसायला लागलं, तर मला का नाही लागणार?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी डोळ्यातला दाब समजावला, नस समजावली, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारा त्यांचा आवाज स्वतःच्या आईपुढे चिरकायला लागला. आईवर ढिम्म परिणाम नाही.

“तुझं विज्ञान शाळेत ठेव,” आई म्हणाली. “तुझ्या डॉक्टरने इतक्या वर्षांत काय दिलं? थेंब घाला, थेंब घाला! बाबांनी एका सकाळीत चित्र आणून दाखवलं.”

बाई कपाळाला हात लावून बसल्या. इतकी वर्षं परक्यांची पोरं शहाणी करण्यात घालवली आणि घरात हे!

तेवढ्यात समोरच्या काकूंच्या घरातून गलका ऐकू आला. बाबांची वरात आता तिथे पोहोचली होती आणि उघड्या दारातून सगळं दिसत होतं. काकूंचा टीव्ही म्हणजे पाठीला पोक असलेला जुना अवजड डबा. बाबांनी त्याच्यावर कापड टाकून दोन वेळा लहरी उतरवल्या होत्या आणि दोन्ही वेळा पडद्यावर नुसत्या मुंग्या नाचत होत्या.

“या घरात लहरींना वाटच मिळत नाही,” बाबांनी डोळे मिटून जाहीर केलं. “कुणाचा तरी पाय वाईट आहे. नवीन कोण आलंय घरात?”

नवीन एकच होती, काकूंची सून. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती दाराआड उभी राहून रडत होती आणि काकू तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू तिनेच टीव्ही खाल्ला होता.

आता मात्र बाई उठल्या. त्यांनी आईच्या टीव्हीच्या वायरी काढल्या, पाठीवरची चकती उपटून आईच्या हातात दिली आणि तो चपटा टीव्ही उचलून थेट काकूंच्या घरात नेला.

“अगं, काय करतेस? चित्र जाईल त्याचं!” आई ओरडत मागे आली.

“जाऊ दे. मीच घालवते,” बाई म्हणाल्या. त्यांनी काकूंच्याच अँटेनाची वायर त्या टीव्हीला लावली आणि रिमोटने त्यातल्या साठवलेल्या साऱ्या वाहिन्या पुसून टाकल्या. पडदा निळाशार झाला. गर्दीतून हाय हाय उमटलं.

“बाबा, आता बघा. चकती नाही, कापड नाही. घर तेच, ज्यात लहरींना वाट मिळत नाही. तुम्ही दाराबाहेर थांबा. आणि सूनबाई, तू इकडे ये. डोळे पूस आधी. हे बटण दाब.”

“मी? नको हो, माझ्या हाताने...”

“तुझ्याच हाताने.”

“डोळे जातील सगळ्यांचे!” बाबा कडाडले.

निम्म्यांनी डोळे घट्ट मिटले. सुनेने बटण दाबलं. पडद्यावर लिहून आलं, ‘वाहिन्या शोधत आहे’, आणि खाली एक रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. रेघ भरत गेली तसे आकडे वाढले, एकेका वाहिनीचं नाव उमटलं आणि शेवटी एकदम गाणंच सुरू झालं. मिटलेले डोळे एकेक करून उघडले. सगळे जागच्या जागी होते.

“कापडाखाली एवढंच चालतं,” बाई म्हणाल्या. “प्रक्षेपणाची पद्धत बदलली, वाहिन्यांच्या जागा बदलल्या. त्या पुन्हा शोधायला टीव्हीला सांगावं लागतं. महिनाभर पडद्याच्या तळाशी तशी पट्टी फिरत होती. मालिकेच्या मधे येते म्हणून तुम्ही तिला शिव्या घातल्या, वाचली कुणीच नाही. काकू, तुमच्या टीव्हीला नवी पद्धत कळतच नाही, तो तिच्याआधीचा आहे. त्याला एक छोटा डबा जोडा, तोही बोलेल. सुनेच्या पायाचा काय संबंध?”

काकूंनी मान खाली घातली. बाबांनी कापड काखोटीला मारून काढता पाय घेतला होता. शिंपी मात्र डोकं खाजवत म्हणाला, “पण बाई, काही म्हणा, आमच्याकडे चित्र आणलं ते बाबांनीच ना?”

बाईंनी हात टेकले. “अहो, आणलं त्यांनीच! रिमोट दाबून! तुमची पोरगीही दाबेल. फक्त ती तुम्हाला डोळे मिटायला लावणार नाही. जो बघू नका म्हणतो, त्याच्याच हाताकडे बघा. विचारा त्याला, अडवा त्याला. इतकंसुद्धा जमत नाही का आपल्याला?”

गाणं संपून जाहिरात लागली, तशी माणसं पांगली. आई तेवढी हातात चकती घेऊन उभी होती.

“म्हणजे माझे डोळे...” तिने विचारलं. “टीव्हीचं गेलेलं परत आलं, तसं माझं...?”

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. रडू मात्र आवरेना. “आई, टीव्हीचं काही गेलंच नव्हतं गं. तुझं जातंय. गेलेलं परत आणणारं औषध कुणाकडेच नाही, माझ्या डॉक्टरकडेही नाही. थेंबांनी उरलेलं टिकतं, एवढंच. उद्याच आपण दाब तपासायला जाऊ.”

“मग या दिवसांत जे गेलं, ते गेलंच?”

“हो.”

घरी परतल्यावर आईने चकती खाली ठेवली आणि फडताळातली थेंबांची बाटली काढून बाईंच्या हातात दिली. चाचपत खुर्चीत बसली आणि मान मागे टाकून डोळे उघडे ठेवले.

“टाक,” ती म्हणाली. “दोन्हीत टाक.”